ओझोनचं भोक, बर्फाचा पाटा आणि आपला जुना फ्रिज

१६ सप्टेंबर, म्हणजे जागतिक ओझोन दिन जवळ आला की शाळाशाळांतून एक चित्र हमखास काढलं जातं. हसरी पृथ्वी, तिच्या डोक्यावर निळी छत्री, छत्रीला भोक आणि त्या भोकातून आत घुसणारे लालभडक किरण. माझ्या भाचीने ते काढलं आणि रंगवता रंगवता मान वर करून विचारलं, "मावशी, भोक आपल्या मुंबईवर का नाही पडलं? एसी आणि फ्रिज तर सगळे इकडे आहेत. पेंग्विनकडे कुठे फ्रिज असतो?"

मला तिचा फार अभिमान वाटला. १९८५ साली जगातले उत्तमोत्तम रसायनशास्त्रज्ञ नेमक्या याच प्रश्नापाशी अडले होते. उत्तर सुचलं ते सुझन सॉलोमन या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंना, वयाच्या तिशीत. दरवर्षी ओझोनच्या भोकाच्या बातम्या येतात, पण हे उत्तर त्या बातम्यांत बहुतेक वेळा सांगितलेलंच नसतं. ते कळलं की बाकीचं सगळं आपोआप जागेवर बसतं, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

छत्री म्हणजे नक्की काय?

आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजनच्या कणात दोन अणू असतात. तीन अणू एकत्र आले की त्याला ओझोन म्हणतात. जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर, स्थितांबर नावाच्या हवेच्या पट्ट्यात, बहुतेक ओझोन असतो. तिथेही तो फार विरळ. अगदी दाट भागातसुद्धा हवेच्या दहा लाख कणांमागे ओझोनचे जेमतेम आठ-दहा. डोक्यावरचा सगळा ओझोन खाली आणून समुद्रसपाटीच्या दाबाला पसरला, तर त्याचा थर भरेल सुमारे तीन मिलिमीटरचा. दोन नाणी एकावर एक ठेवावीत, तेवढाच. सूर्याच्या अतिनील किरणांपैकी जे त्वचेला, डोळ्यांना, पिकांना आणि समुद्रातल्या सूक्ष्म जीवांना जाळतात, त्यांचा मोठा भाग हा एवढासा वायू अडवतो.

ही जाडी मोजायचं एकक आहे डॉबसन. तीन मिलिमीटर म्हणजे ३०० डॉबसन. २२० च्या खाली आकडा गेला की त्या जागेला 'भोक' म्हणायचं, असं शास्त्रज्ञांनी ठरवलं आहे. म्हणजे छत्री आरपार फाटलेली नसते, विरलेली असते. तरी भोक हा शब्द अगदीच चुकीचा नाही. अंटार्क्टिकावर साधारण १४ ते २० किलोमीटरच्या दरम्यान वसंत ऋतूत ओझोन जवळजवळ पूर्ण संपतो. वरच्या आणि खालच्या भागात उरतो, म्हणून एकूण आकडा शून्यावर जात नाही.

लोकलची चौथी सीट

ओझोन इतका सहज का तुटतो? लोकलमधला बाक आठवा. तिघांचा बाक, आणि कडेला एका पायावर भार देऊन टेकलेला चौथा. ऑक्सिजनचा बाक दोघांचा आहे. तिथे दोन अणू ऐसपैस बसतात. तिसरा त्या चौथ्या सीटवाल्यासारखा कसाबसा टेकलेला असतो, जरा धक्का लागला की उठलाच.

आता क्लोरीनचा अणू डब्यात शिरतो. तो त्या टेकलेल्या अणूला हाताला धरून उठवतो आणि घेऊन जातो. ओझोनचा साधा ऑक्सिजन होतो. पुढे क्लोरीन त्या अणूला दुसऱ्या कुणाच्या तरी हवाली करतो आणि मोकळ्या हाताने पुढच्या बाकाकडे वळतो. या व्यवहारात तो स्वतः खर्च होत नाही. जो दुसऱ्यांची रासायनिक क्रिया घडवतो पण स्वतः उरतो, त्याला उत्प्रेरक म्हणतात. म्हणूनच क्लोरीनचा एक अणू ओझोनचे सुमारे एक लाख कण मोडू शकतो.

सर्वात निरुपद्रवी वायू

हा क्लोरीन इतक्या वर गेला कसा? सुरुवातीच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असे वायू भरलेले असत. गळती झाली तर घरातल्या माणसांच्या जिवावर बेतायचं. १९२८ मध्ये थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरोफ्लुरोकार्बन, थोडक्यात सीएफसी, या वायूंचा उपाय शोधला. विषारी नाही, पेट घेत नाही, कशाशी क्रिया करत नाही. फ्रिज, मोटारीचे एसी, डासांचे आणि केसांचे फवारे, दम्याचे पंप, फ्रिजच्या भिंतीतला फोम, सगळीकडे तो पोहोचला. त्या काळी ते खरोखरच वरदान होतं.

कशाशीच क्रिया न करणारी वस्तू संपते कशी, हा प्रश्न मात्र बराच काळ कुणी विचारला नाही. तो १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात शेरवुड रोलंड आणि मारियो मोलिना या दोघांनी विचारला. सीएफसी पावसात विरघळत नाही, झाडं त्याला शोषत नाहीत, जमीन त्याला धरत नाही. तो वर्षानुवर्षं हवेत फिरत राहतो आणि अखेर स्थितांबरात पोहोचतो. तिथले अतिनील किरण इतके तीव्र असतात की तो तुटतो आणि त्यातला क्लोरीन सुटतो. याच क्षेत्रात आधीपासून काम करणारे पॉल क्रुट्झन आणि हे दोघे, अशा तिघांना १९९५ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

जड वायू वर जाईल कसा? आणि समुद्राच्या मिठाचं काय?

या दोन शंका आजही ऐकू येतात, आणि त्या रास्त आहेत.

सीएफसी हवेपेक्षा जड आहे हे खरं. बंद, स्थिर खोलीत तो खाली बसेलही. पण वातावरण स्थिर नसतं. अरबस्तानातली धूळ उडून मुंबईचं आकाश पिवळट करते, आणि धुळीचा कण तर वायूच्या कणापेक्षा कितीतरी पटींनी जड. वाऱ्याच्या घुसळणीत जड-हलका हा भेद उरत नाही. शिवाय हा नुसता तर्क नाही, फुग्यांनी आणि विमानांनी स्थितांबरातली हवा आणून त्यात सीएफसी मोजलेला आहे.

मिठातही क्लोरीन असतो, आणि आपल्या खिडक्यांच्या ग्रिल त्याने कशा गंजतात हे समुद्राजवळ राहणाऱ्यांना सांगायला नको. पण मीठ पाण्यात विरघळतं. हवेत उडालेलं मीठ पाऊस धुऊन खाली आणतो, ते फार वर टिकतच नाही. पावसाला चुकवून वर पोहोचणं, हीच सीएफसीची खासियत.

१९८५: गणितात न बसणारा आकडा

रोलंड-मोलिना यांच्या गणिताप्रमाणे ओझोन खूप उंचावर, ४० किलोमीटरच्या आसपास, हळूहळू आणि काही टक्क्यांनी कमी व्हायला हवा होता. काळजीची गोष्ट, पण सावकाशीची.

मे १९८५ मध्ये जोसेफ फारमन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँक्लिन या तीन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकातल्या हॅली केंद्राची मोजमापं छापली. ऑक्टोबर महिन्यात तिथे पूर्वी सुमारे ३०० डॉबसन ओझोन असायचा, तो २०० च्या आसपास आला होता. एक तृतीयांश गायब. तोही उंचावर नाही, तर १२ ते २० किलोमीटरच्या पट्ट्यात, हे पुढच्या मोजमापांत कळलं. वर्षभर नाही, फक्त तिकडच्या वसंतात. नासाच्या उपग्रहाकडेही ही माहिती येत होती, पण इतके कमी आकडे संशयास्पद म्हणून बाजूला पडत होते. पुन्हा तपासल्यावर दिसलं की सगळा खंड झाकला जाईल एवढा हा प्रदेश आहे.

हॅलीतली माणसं १९५०च्या दशकापासून, काहीही विशेष घडत नसताना, तोच आकडा रोज लिहीत आली होती. असं काम मला फार मोठं वाटतं. आपल्याकडे पुण्यात हवामान खात्याच्या अण्णा मणी यांनी फुग्याबरोबर वर जाऊन ओझोन मोजणारं भारतीय उपकरण, ओझोनसोंड, तयार केलं ते याच जातीचं काम. शाळेच्या त्या पोस्टरवर त्यांचंही नाव असावं असं मला मनापासून वाटतं.

कोडं मात्र सुटत नव्हतं. कारण इतक्या खालच्या स्थितांबरात क्लोरीन मोकळा नसतोच. तो दोन तिजोऱ्यांत बंद असतो. एक हायड्रोजन क्लोराइड आणि दुसरी क्लोरीन नायट्रेट. दोन्ही वायुरूप, दोन्ही ओझोनला हात न लावणाऱ्या. मग चोरी केली कुणी?

बर्फाचा पाटा

काही शास्त्रज्ञांना वाटलं, खालून ओझोन नसलेली हवा वर चढत असेल. सूर्याची सक्रियता साधारण दर अकरा वर्षांनी वाढते-घटते, काहींनी त्या चक्राला जबाबदार धरलं. सुझन सॉलोमन तेव्हा अमेरिकेच्या सागर आणि वातावरण संस्थेत, बोल्डर शहरात काम करत होत्या. त्यांनी ढगांकडे पाहिलं.

स्थितांबर कोरडं असतं, तिथे ढग नसतातच म्हटलं तरी चालेल. पण अंटार्क्टिकावर हिवाळ्यात महिनोन्महिने रात्र असते. वारे ध्रुवाभोवती गोल फिरत आतली हवा कोंडून ठेवतात. तापमान उणे ७८ अंशांखाली जातं आणि त्या तुटपुंज्या ओलाव्याचेही ढग होतात. शंख-शिंपल्यासारखे चमकणारे हे ढग ध्रुवप्रदेशातल्या प्रवाशांना जुने माहीत होते. ओझोनच्या गणितात मात्र त्यांना स्थान नव्हतं. सगळं गणित वायूची वायूशी टक्कर गृहीत धरून मांडलेलं होतं, आणि त्या दोन तिजोऱ्या हवेत एकमेकींवर आपटून काहीही होत नव्हतं.

स्वयंपाकघरात खोबरं आणि मिरची एकाच फळीवर महिनाभर शेजारी राहिली तरी चटणी होत नाही. पाटा लागतो. सॉलोमन यांनी १९८६ मध्ये सहकाऱ्यांसह मांडलं ते हेच, की त्या ढगांतल्या बर्फाच्या कणांचा पृष्ठभाग हा पाटा आहे. हायड्रोजन क्लोराइड बर्फावर चिकटतं, क्लोरीन नायट्रेट त्यावर येऊन आदळतं, आणि जे हवेत होत नव्हतं ते पृष्ठभागावर झपाट्याने होतं. दोन्ही तिजोऱ्या फुटतात. क्लोरीन वायू बाहेर पडतो. नायट्रोजनचा भाग बर्फातच अडकतो, त्यामुळे क्लोरीनला पुन्हा कोंडायला लागणारं कुलूपही नाहीसं होतं.

अंधारात हा क्लोरीन नुसता साठत राहतो. फटाक्यांची माळ रात्रभर अंथरून ठेवावी तसा. मग ऑगस्टच्या शेवटी, सप्टेंबरमध्ये सूर्य क्षितिजावर येतो आणि तीच उदबत्ती. उन्हाने क्लोरीनच्या जोड्या तुटतात, एकेक अणू सुटतो आणि काही आठवड्यांत त्या पट्ट्यातला ओझोन फस्त होतो. पुढे हवा तापते, ढग विरतात, कोंडलेली हवा मोकळी होते आणि भोक हळूहळू बुजतं. पुढच्या वर्षी पुन्हा. थंडी, पृष्ठभाग आणि ऊन यांपैकी एक जरी नसेल तरी भोक पडत नाही.

चांदण्यात छपरावर

कल्पना मांडणं वेगळं आणि ती खरी ठरणं वेगळं. १९८६ च्या ऑगस्टमध्ये, हिवाळा संपत असताना, सॉलोमन एका छोट्या तुकडीच्या प्रमुख म्हणून अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो केंद्रावर उतरल्या. तोवर त्या संगणकावर प्रतिमानं करणाऱ्या शास्त्रज्ञ होत्या. तिथे त्या छपरावर चढून, कडाक्याच्या थंडीत, चंद्राचा प्रकाश आरशाने उपकरणात वळवत उभ्या राहिल्या. प्रकाश हवेतून येताना कोणता वायू कोणता रंग गिळतो यावरून तो वायू ओळखता येतो. रात्री उन्हाचा आधार नाही, म्हणून चंद्र.

उपकरणात क्लोरीन डायऑक्साइड दिसला, अपेक्षेच्या कितीतरी पट. क्लोरीन तिजोरीबाहेर आल्याची ती खूण. नायट्रोजनचे ऑक्साइड मात्र फारच कमी होते. सूर्यचक्राच्या सिद्धांताप्रमाणे ते वाढलेले असायला हवे होते, त्यामुळे तो सिद्धांत तिथेच बाद झाला. पुढच्या वर्षी चिलीतल्या पुंता अरेनासहून नासाचं विमान थेट त्या हवेत शिरलं. जिथे क्लोरीनचा ऑक्साइड एकदम वर, तिथे ओझोन एकदम खाली, असा आलेख जेम्स अँडरसन यांच्या उपकरणाने काढला. वाद मिटला.

मग मुंबईवर का नाही?

भाचीला मी सांगितलं ते असं. आपल्या फ्रिजमधून निसटलेला गॅस वर्ष-दोन वर्षांत जगभर मिसळतो, त्यामुळे तो कुठून सुटला याला महत्त्व उरत नाही. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशात हवा वर चढते, स्थितांबरातून अनेक वर्षं सावकाश सरकत ध्रुवांकडे जाते आणि तिथे उतरते. आपल्या डोक्यावर पोहोचलेला सीएफसी अजून बराचसा धड असतो. ध्रुवावर पोहोचेपर्यंत त्याचे तुकडे झालेले असतात. शिवाय आपल्याकडे ओझोन ज्या उंचीवर आहे तिथे इतकी थंडी पडत नाही, आणि सूर्य रोज उगवतो. पाटाच नाही तर चटणी कुठून होणार? उत्तर ध्रुवावर डोंगर आणि जमिनीमुळे वाऱ्यांचा विळखा सैल राहतो, थंडी कमी पडते. म्हणून तिथे एरवी मोठं भोक नसतं, तरी २०२० सारख्या एखाद्या अतिथंड वर्षी बराच ओझोन जातो.

आणि हो, मुंबईचा उकाडा ओझोनच्या भोकामुळे वाढत नाही. उकाडा वाढवतात ते उष्णता कोंडणारे वायू. अतिनील किरण कातडी भाजतात, पण खोली तापवत नाहीत. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे अतिनील निर्देशांक ११ च्या वर जातो तो सूर्य थेट डोक्यावर असतो म्हणून, आणि उष्ण कटिबंधात ओझोन मुळातच थोडा पातळ असतो म्हणून.

मग हवेच्या बातमीत ओझोन 'वाढला' असं का लिहितात?

कण तोच, जागा वेगळी. गाड्यांच्या धुरावर ऊन पडलं की रस्त्याच्या पातळीवर ओझोन तयार होतो आणि तो फुप्फुसांना त्रास देतो. तो वर नेऊन भोक बुजवता येणार नाही. वर जाईपर्यंत तो टिकतच नाही, आणि लागणारं प्रमाण अवाढव्य आहे.

भोक भरतं आहे का?

हो. १६ सप्टेंबर १९८७ रोजी ओझोन मोडणारे वायू टप्प्याटप्प्याने बंद करण्यासाठी माँट्रियल करार झाला, भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला, आणि २०१० पर्यंत आपल्याकडे दम्याच्या पंपांसारखे मोजके अपवाद वगळता सीएफसी बंद झाला. २०१६ मध्ये सॉलोमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सप्टेंबरमधलं भोक २००० सालच्या तुलनेत ४० लाख चौरस किलोमीटरने आक्रसलं आहे. अख्ख्या भारताहून मोठा तुकडा परत मिळाला. २०२५ मध्ये त्यांच्याच गटाने ९५ टक्के खात्रीने सांगितलं की ही भरपाई सीएफसी कमी झाल्यामुळेच होते आहे, हवामानाच्या नैसर्गिक चढ-उतारांमुळे नाही.

तरी दरवर्षी ऑक्टोबरमध्ये 'भोक दोन कोटी चौरस किलोमीटरवर' अशी बातमी येते आणि लोक विचारतात, करार फसला का? फसलेला नाही. सीएफसीचा एक प्रकार हवेत सुमारे ५० वर्षं टिकतो, दुसरा सुमारे १००. १९८०च्या दशकातल्या फ्रिजचा गॅस आजही वर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाचा अंदाज आहे की अंटार्क्टिकावर ओझोन १९८० च्या पातळीला साधारण २०६६ पर्यंत येईल.

मधल्या काळात पाटा नवनवीन रूपांत भेटतो. २०१५ मध्ये चिलीतला काल्बुको ज्वालामुखी फुटला, त्याचे कण स्थितांबरात गेले आणि त्या ऑक्टोबरात भोक फार मोठं झालं. २०१९-२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांचा धूर वर गेला. सॉलोमन यांच्या गटाने दाखवलं की त्या धुराच्या कणांवरही क्लोरीनच्या तिजोऱ्या उघडतात, आणि तेही उणे ७८ अंशांची वाट न पाहता. मला सर्वात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. क्लोरीन कमी होत असताना आपण वणवे वाढवतो आहोत.

फसवणूकही झाली. २०१८ मध्ये लक्षात आलं की बंदी असलेला एक सीएफसी कुणीतरी पुन्हा बनवतंय. हवेच्या नमुन्यांवरून माग पूर्व चीनपर्यंत गेला आणि त्यानंतर उत्सर्जन घटलं. मोजणारं कुणी नसतं तर हे कळलंच नसतं.

एसीचा गॅस भरताना

आजच्या एसीवर आर-३२ किंवा आर-२९० असं आतल्या गॅसचं नाव लिहिलेलं असतं. त्यात क्लोरीन नाही. जुन्या एसीतल्या आर-२२ मध्ये थोडा आहे, तो २०३० पर्यंत हद्दपार व्हायचा आहे. आर-३२ ओझोनला धक्का लावत नाही, पण उष्णता कोंडतो. अशा वायूंसाठी २०१६ मध्ये रवांडातल्या किगाली शहरात माँट्रियल करारात दुरुस्ती झाली आणि भारताला २०२८ पासून त्यांचा वापर गोठवायचा आहे.

म्हणून मेकॅनिक नुसता "गॅस भरून देतो" म्हणाला तर आधी गळती शोधायला सांगा. आणि युनिट काढताना तो पिन दाबून फुस्स करून गॅस हवेत सोडतो की मशीनने सिलिंडरमध्ये ओढून घेतो, हे उभं राहून बघा. गिरगावातल्या आमच्या जुन्या घरातला १९८९ चा फ्रिज अलीकडेच भंगारात द्यायचा होता. दोघा मेकॅनिकांनी सांगितलं, त्याला काय होतंय, नळी कापतो. तिसऱ्याकडे मशीन होतं. त्याने कॉम्प्रेसरमधला गॅस काढून घेतला, वेळ लागला, पैसेही थोडे जास्त गेले. भिंतीच्या फोममध्येही त्या काळचा सीएफसी असतो. भंगारवाला पत्रा सोलून फोम फोडतो तेव्हा तो हळूहळू सुटत राहतो. त्याचं काय करायचं, असं मी त्या तिसऱ्या मेकॅनिकला विचारलं तेव्हा त्याने फ्रिजच्या भिंतीवर टकटक करून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, हे मला कुणी शिकवलंच नाही."